ठराव वाचला, आता ऐका

राजेहो,

माजी विद्यार्थी मंडळाच्या बैठकीचं इतिवृत्त मिळालं. मंडपाचा खर्च, फराळाचा खर्च, शाळेच्या नव्या कमानीचा नकाशा, सगळं नीटनेटकं टाईप केलेलं. चौथ्या विषयापुढे मात्र एवढंच आहे : ‘शाळेच्या मैदानासाठी एईडी यंत्र घेणेबाबत. असे यंत्र ठेवणे कायद्याने बंधनकारक नसल्याने विषय स्थगित. सर्वानुमते मंजूर.’

सर्वानुमते! त्याच कागदावरून दिसतं की कमानीच्या रंगावर तुम्ही तासभर भांडलात आणि शेवटी हात वर करून मतं मोजावी लागली. कोसळलेल्या पोराच्या हृदयाला शॉक देऊन त्याला परत आणू शकणाऱ्या यंत्रावर मात्र एका ओळीत एकमत झालं.

आणि हे एकमत कुणाचं? तुमच्यात एक वकील आहे, एक जिनिंगचा मालक, एक मंगल कार्यालयवाला, एक महावितरणमध्ये, दोघं नगरपालिकेत निवडून आलेले, चार-पाच गुरुजी. गावातली माणसं जिथं जिथं जमतात त्यातल्या बहुतेक जागांच्या किल्ल्या तुमच्याच खिशात आहेत. म्हणून राग तुमच्यावर. रस्त्यानं जाणाऱ्याला मी कशाला बोलू?

उत्तर बरोबर आहे, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर वकीलसाहेब हात वर करून उभे राहतील. पण रीत कुठं आहे? रीत न लिहिता नुसतं उत्तर लिहिणाऱ्याला मी किती मार्क देत असे ते तुम्हाला आठवत असेल. रीत आज मीच मांडतो. मधे कुणी बोलायचं नाही.

सार्वजनिक जागी किंवा कामाच्या ठिकाणी एईडी ठेवलंच पाहिजे, असा देशभर लागू होणारा कायदा भारतात नाही. महाराष्ट्रानंही केलेला नाही. बनवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर बंधनं आहेत. 2017 च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली हे यंत्र येतं. ते कुठल्या भिंतीवर टांगायचं याबद्दल कायदा गप्प आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला काय काय हवं त्याची यादी आहे : मैदान, पिण्याचं पाणी, कुंपण. मैदानावर पोरगं कोसळलं तर काय, यावर अवाक्षर नाही.

इथवर तुम्ही पास. आता कायद्याचं नाव काढलंच आहे तर पुढचं पानही उलटा.

जिनिंगवाल्या, उभा राहा. 1948 च्या कारखाने कायद्याचं कलम 45 सांगत होतं की दर 150 कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी हवी, आणि ती कामाच्या सगळ्या वेळात हाताशी हवी. एवढं तुला ठाऊक आहे, कारण तपासणीला येणारा माणूस पेटी बघतो. त्याच कलमात पुढे लिहिलेलं होतं की प्रत्येक पेटीची जबाबदारी एका माणसावर असेल, त्याच्याकडे प्रथमोपचाराचं सरकारमान्य प्रमाणपत्र असेल, आणि काम चालू असेतो तो तिथं हजर असेल. 500 हून जास्त कामगार असतील तर रुग्णवाहिका-कक्ष वेगळा. संसदेनं 2020 साली जुने कायदे गुंडाळणारी नवी संहिता मंजूर केली, 2025 साली ती लागू झाली, तिच्यातही पेटी आणि कक्ष आहेतच. तेव्हा मला एकच सांग, तुझ्याकडचा तो प्रमाणपत्रवाला माणूस कोण? नाव सांग. हंगाम ऐन भरात असताना, कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर रांगेत उभ्या असताना, रात्रपाळीला तो असतो कुठं?

गप्प का? पेटी तू मला दाखवली आहेस. वरती पांढरा रंग, त्यावर लाल फुली, आत आयोडीनची सुकून तळाला चिकटलेली बाटली, मुदत संपलेल्या डोकेदुखीच्या गोळ्या, रबर सुटलेला कापूस आणि मुनीमजींचा जुना चष्मा. आयुष्यभर कापूस पिंजणाऱ्या माणसाच्या पेटीत धड कापूस नसावा, हे मला तेव्हाच बोलायचं होतं. तू चहा मागवलास म्हणून राहिलं.

कायद्यात एईडी नाही म्हणून तुम्ही विषय स्थगित केलात. कायद्यात जे आहे ते तुम्ही कोणत्या बैठकीत स्थगित केलंत?

महावितरणवाल्या, हसू नकोस, तुझीच पाळी आहे. विजेचा धक्का बसलेल्या माणसावर काय उपचार करायचे त्याच्या सूचना इंग्रजी किंवा हिंदीत आणि जिल्ह्याच्या भाषेत ठळक जागी लावा, असं विजेचे नियम सांगतात. 1956 च्या नियमांत होतं, नंतरच्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांतही आलं. उपकेंद्रात लावा, कारखान्यात लावा, आणि तिथं नेमलेल्या माणसांना त्या सूचना नुसत्या वाचता नव्हे, करता आल्या पाहिजेत. ही पाटी जिनिंगमध्येही आहे, मीटरच्या खोलीत, दाराच्या मागं. दार उघडलं की पाटी झाकते आणि दार लावलं की अंधार होतो. पत्रा चारही कोपऱ्यांना गंजलेला. त्यावरचं चित्र मी टॉर्च लावून पाहिलं : एक माणूस पालथा पडलाय, दुसरा त्याच्या अंगावर गुडघे टेकून पाठीमागून बरगड्या दाबतोय. ही शेफरची रीत. शंभर-सव्वाशे वर्षं जुनी. छाती समोरून दाबून रक्त फिरतं ठेवता येतं, हे 1960 साली जगाला कळलं. तुमच्या पाटीला अजून कळलेलं नाही.

आणि हे कळलं कसं, ते ऐक, कारण ती तुमच्याच खात्याची गोष्ट आहे. एईडीचा जन्म दवाखान्यात झाला असं तुम्हाला वाटत असेल, तर ते डोक्यातून काढा. गेल्या शतकाच्या विशीच्या दशकात अमेरिकेत घरोघर वीज पोहोचत होती आणि खांबांवर चढणारे लाईनमन मरत होते. अंगावर जखम नाही, भाजल्याची खूण नाही, तरी माणूस खलास. वीज कंपन्यांनी पैसा दिला आणि बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शोध सुरू झाला. त्यातला मुख्य माणूस विल्यम कौवेनहोवेन हा डॉक्टर नव्हता, विजेचा इंजिनिअर होता. धक्क्यानं हृदय थांबत नाही, ते वेडंवाकडं थरथरत राहतं आणि रक्त पुढे ढकलेनासं होतं. योग्य मापाचा दुसरा धक्का दिला तर ते पुन्हा लयीत येऊ शकतं, हे त्या धडपडीतून पक्कं होत गेलं. प्रयोगातल्या कुत्र्याच्या छातीवर शॉकची जड पाती दाबून धरली की त्याचा रक्तदाब थोडा वर जातो, हे त्याच्या एका तरुण सहकाऱ्याच्या नजरेला पडलं, आणि तिथून छाती दाबण्याची रीत निघाली. म्हणजे सीपीआर आणि शॉकचं यंत्र दोन्ही एकाच घरातली भावंडं, आणि त्या घराचं भाडं भरलं वीजवाल्यांनी. पुढे 1965 साली बेलफास्टमध्ये फ्रँक पँट्रिज या डॉक्टरनं हे यंत्र दवाखान्याबाहेर काढून रुग्णवाहिकेत चढवलं, तेव्हा त्याचं वजन 70 किलोच्या आसपास होतं. आज ते दोन-तीन किलोंचं आहे, दप्तराहून हलकं.

आता आपल्या शिवारात या. लाईन रात्रीची. शेतकरी अकरा वाजता बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जातो, पायाखाली चिखल, स्टार्टरच्या पेटीचं झाकण तुटलेलं, फ्यूज म्हणून तारेचा तुकडा. डीपीवर वायरमन नसतो, म्हणून गावातलाच कुणीतरी चढतो. धक्का बसला की बाकीचे धावतात आणि त्याला जीपमध्ये घालून तालुक्याला नेतात. वाटेत छातीला कुणी हात लावत नाही. या माणसाचं हृदय चांगलं धडधाकट असतं रे! नळ्या तुंबलेल्या नसतात, साखर नसते. फक्त लय बिघडलेली असते, आणि ती बसवायचं यंत्र याच मरणासाठी शोधलं गेलं. ते जर जिल्ह्यात कुठं हाताशी असायला हवं तर उपकेंद्रात आणि वायरमनच्या गाडीत. तुझ्या खात्याला तू हे एकदा तरी लेखी कळवलंस? कळव. आणि आधी मेन बंद करायचं, मगच त्याला हात लावायचा, हेही त्या गंजक्या पाटीच्या जागी नव्या पाटीवर मोठ्या अक्षरात लिहून घे.

आता वेळेचं गणित. सरळ वजाबाकी आहे, तरी तुम्ही चुकवलीत.

तुम्ही सगळ्यालाच ‘अटॅक आला’ म्हणता. रक्तवाहिनी तुंबते तेव्हा माणूस घामाघूम होतो, छाती धरतो, पण बहुधा बोलत असतो. त्याला गाडीत घालून न्यायला वेळ मिळतो. हृदय बंद पडतं तेव्हा माणूस वाक्य अर्धं टाकून कोसळतो. हाकेला ओ देत नाही, श्वास थांबतो किंवा मासळीसारखे आचके येतात. ते आचके बघून ‘श्वास चालू आहे’ म्हणत तुम्ही पाणी पाजता, कांदा फोडता, नाकाला चप्पल लावता. काहीच केलं नाही तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला 7 ते 10 टक्क्यांनी घसरते. दहा-बारा मिनिटांत हिशेब संपतो. मेंदूला तर चार-सहा मिनिटांतच इजा व्हायला लागते. छाती दाबत राहिलं तर घसरण मंदावते, थांबत नाही. थांबवतो तो शॉक.

‘पण सर, 108 आहे ना.’ आहे, आणि चांगली सेवा आहे. 2014 साली सुरू झाली तेव्हा राज्यभरात 937 गाड्या होत्या, त्यातल्या पूर्ण सामग्रीच्या 233. भागाकार करा : 36 जिल्हे, म्हणजे जिल्ह्याला सहा-साडेसहा. आपल्या बुलढाणा जिल्ह्याचे तालुके 13. ग्रामीण भागात अर्ध्या तासात पोहोचायचं, हे तिचं उद्दिष्ट. राजूर घाटातून वर चढायचं असो की संग्रामपूरच्या टोकाला सातपुड्याच्या पायथ्याशी जायचं असो, ती गाडी दहा मिनिटांत येणार नाही, आणि यात गाडीच्या ड्रायव्हरचा काही दोष नाही. समृद्धी महामार्गावरून मुंबई कितीही जवळ आली असेल, मैदानाच्या मधोमध पडलेल्या मुलापासून ती अजून तेवढीच लांब आहे.

‘पण सर, डॉक्टर लागतो.’ हे ज्यानं म्हटलं त्यानं बाकावर उभं राहावं. 2000 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या कॅसिनोंचा अभ्यास छापून आला. जुगाराच्या अड्ड्यावरच्या रखवालदारांना यंत्र वापरायला शिकवलं होतं. सगळ्यांसमोर कोसळलेल्या ज्यांना तीन मिनिटांच्या आत पहिला शॉक मिळाला, त्यातले 74 टक्के जिवंत घरी गेले. तीन मिनिटं उलटल्यावर मिळाला त्यांच्यात 49 टक्के. रखवालदार होते ते! आणि तुमच्यात दोघं डबल ग्रॅज्युएट आहेत.

यंत्र काय करतं तेही सांगतो, म्हणजे ‘चुकून शॉक बसला तर?’ हा प्रश्न पुन्हा ऐकावा लागणार नाही. झाकण उघडलं की ते बोलायला लागतं. एक पॅड उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरा डाव्या काखेखाली बरगडीवर. कुठं लावायचा त्याचं चित्र पॅडवरच असतं. छाती घामानं ओली असेल तर पुसायची, म्हणून यंत्राबरोबर फडकं ठेवायचं. मग ते सांगतं, हात लावू नका, आणि लय तपासतं. लय शॉक देण्याजोगी असेल तरच ते शॉक भरतं. भोवळ आलेल्या माणसावर बटण कितीही दाबलं तरी काही होत नाही. शॉक झाला की लगेच पुन्हा छाती दाबायची, मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटीमीटर खोल. साध्या माणसानं तोंडाला तोंड लावायची गरज नाही, नुसती छाती दाबली तरी चालेल, असं आपल्याच देशातल्या भूलतज्ज्ञांनी 2017 साली ठरवून दिलंय.

मैदानावर काय होतं ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंय. 12 जून 2021 ला कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन चालता सामना सोडून कोसळला. छाती दाबली, शॉक दिला, आणि तो पुढे पुन्हा खेळला. नोव्हेंबर 2024 मध्ये आपल्याच राज्यात क्रिकेटचा सामना चालू असताना एक फलंदाज छातीत दुखतं म्हणून बाहेर पडला आणि कोसळला, तो गेला. कोवळ्या पोरांचं तर आणखी निराळं. काहींच्या हृदयाचा स्नायू आनुवंशिक दोषामुळे जाड होत जातो, घरच्यांना पत्ता नसतो. चांगल्या हृदयाच्या पोराच्या छातीवर नेमक्या क्षणी बॉल बसला तरी लय बिघडते. आपल्या मैदानावर रोज पहाटे पोलीस भरतीची तयारी करणारी पोट्टी सोळाशे मीटर धावतात, उपाशीपोटी, त्यातली निम्मी तुमच्याच घरची.

मंगल कार्यालयवाला मागच्या बाकावर लपलाय. ये पुढे. तुझ्या भिंतीवर आग विझवायची लाल नळकांडी आहेत, कारण 2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियमानं ती लावायला लावली. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, ती चालू आहेत असं ‘नमुना ब’चं प्रमाणपत्र परवानाधारकाकडून घ्यावं लागतं. तुझ्या हॉलला आजवर आग लागली? देव करो आणि कधी न लागो. पण मे महिन्यात घाटाखाली पारा 44 वर असताना तुझ्या दारात वरात येते, डीजेपुढे नवरदेवाचा मामा दोन तास नाचतो, तो साठीचा असतो, सकाळपासून पोटात नुसता चहा असतो. अशा नाचता नाचता कोसळणाऱ्या माणसांचे व्हिडिओ तुम्हीच मला मोबाईलवर पाठवता, खाली जोडलेल्या हातांच्या चित्रासकट. हात जोडायला वेळ असतो, दाबायला नसतो.

फ्रान्समध्ये असतास तर सुटला नसतास. त्यांनी 2018 साली कायदा केला. 300 हून जास्त माणसं मावतील अशा जागांना 1 जानेवारी 2020 ची मुदत दिली, मग पायरीपायरीनं लहान जागांना. यंत्र चालू ठेवायची जबाबदारी मालकाची, आणि ते कुठं आहे याची देशपातळीवर नोंद. इटलीनं 2021 साली, दक्षिण ऑस्ट्रेलियानं 2022 साली आपापले कायदे केले. अमेरिकेत 2004 पासून मोठ्या प्रवासी विमानांत ते सक्तीचं आहे. आणि इंग्लंड बघा. तिथंही कामाच्या ठिकाणी एईडी कायद्यानं सक्तीचं नाही, अगदी तुमच्यासारखंच. तरी 2023 पर्यंत सरकारनं तिथल्या सरकारी शाळांना यंत्रं पोहोचवली. त्यांनी ‘बंधनकारक नसल्याने विषय स्थगित’ असं लिहिलं नाही. शेजारच्या कर्नाटकात अभिनेते पुनीत राजकुमार 46 व्या वर्षी गेले, तर सरकारनं त्यांच्या नावानं तातडीच्या हृदयोपचाराची योजना काढली.

आपल्याकडे गर्दीला तोटा आहे का? गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतते तेव्हा खामगाव ते शेगावचा शेवटचा टप्पा हजारो लोक पायी चालतात; त्यातल्या कित्येकांना वर्षभर दुकानापर्यंतही चालायची सवय नसते. 12 जानेवारीला सिंदखेडराजात जिजाऊंच्या दर्शनाला लोटणारा समुदाय आहे, होळीच्या सुमारास सैलानीची यात्रा आहे. केरळात शबरीमलैच्या चढणीवर आरोग्य विभाग ठिकठिकाणी तातडीची केंद्रं मांडतो, तिथं शॉकचं यंत्र असतं. आपल्या वाटेवर तुमची मंडळं केळी वाटतात, साबुदाण्याची खिचडी वाटतात, आणि बॅनरवर स्वतःचे फोटो छापतात. खिचडी वाटा, मला तिचं वावडं नाही. बॅनर अर्धे करा. एका यंत्राची किंमत लाखाच्या आसपास, थोडी इकडे-तिकडे. कमानीचा अंदाजपत्रकी आकडा मी वाचलाय, म्हणून पैशाचं रडगाणं माझ्यापुढे लावू नका.

आता वकीलसाहेब. ‘हात लावला आणि माणूस दगावला तर आपल्यावरच केस’, ही भीती बैठकीत तुम्ही पसरवलीत असं ऐकतो. अर्धवट ज्ञान फुकट वाटू नका. 30 मार्च 2016 ला सर्वोच्च न्यायालयानं मदतीला धावणाऱ्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांवर शिक्का मारला. 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आलं. तुम्ही म्हणाल, ते रस्त्यावरच्या अपघातापुरतं आहे. बरोबर, आहेच. मंडपात, मैदानावर कोसळलेल्याला मदत करणाऱ्यासाठी तसं नाव घेऊन दिलेलं कवच नाही. पण भारतीय न्याय संहितेचं कलम 30 वाचलंत का? जुन्या दंडविधानात ते 92 होतं. संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या माणसाच्या भल्यासाठी, सद्‌भावनेनं केलेलं कृत्य गुन्हा ठरत नाही, असा त्याचा आशय आहे. श्वास थांबलेल्या माणसाची छाती दाबणं हे याहून वेगळं काय असतं? अमेरिकेनं 2000 साली एईडी वापरणाऱ्याला दिवाणी दाव्यापासून संरक्षण देणारा खास कायदा केला, आणि यंत्र घेऊन त्याची देखभाल न करणाऱ्या मालकाला मात्र त्यातून वगळलं. तसं कलम आपल्याकडे हवं असेल तर मागा ना! रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्रानं 1977 साली केला, देशाला 2005 उजाडलं. या राज्याला वाट बघायची सवय नव्हती. ती तुमच्या पिढीनं लावली.

तरी नुसत्या सक्तीवर माझा भरवसा नाही. यंत्र नुसतं आणून ठेवलं की काय होतं ते एका कार्यालयात पाहून आलोय. नाव सांगत नाही. यंत्र होतं, देणगीदाराच्या नावाची पितळी पट्टी यंत्राहून मोठी. काचेच्या कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली शिपायाकडे, शिपाई रजेवर. ‘चोरीला जाऊ नये म्हणून, सर.’ काचेतून बघितलं तर चालू असल्याची हिरवी खूण दिसायची तिथं काहीच दिसत नव्हतं. बॅटरी संपलेली. पॅडला मुदत असते, आतला चिकट थर सुकतो, हे तिथं कुणाच्या गावी नव्हतं. असलं यंत्र नसलेलं बरं. निदान माणूस त्याच्याकडे धावण्यात वेळ घालवत नाही.

म्हणून आता कामं वाटून देतो. वही काढा.

विषय क्रमांक चार पुन्हा पटलावर घ्या. यंत्र मैदानाकडच्या व्हरांड्यात, सावलीत, कुलुपाशिवाय. पत्र्याच्या खोलीत नको. बहुतेक यंत्रांना 50 अंशांच्या आतलीच जागा लागते आणि आपला पत्रा वैशाखात काय तापतो ते तुम्ही बसून पाहिलंय. विकत घेताना हिंदी बोलणारं मागा, मराठी मिळालं तर उत्तमच. गुरुजींनी आणि दहावीच्या पोरांनी छाती दाबायला शिकायचं. त्यासाठी पुण्या-मुंबईहून कुणी आणायची गरज नाही. बुलढाण्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झालंय, 9 ऑक्टोबर 2024 ला त्याचं उद्‌घाटनही झालं, तिथं अर्ज करा. जिनिंगवाल्यानं प्रत्येक पाळीला एक प्रमाणपत्रवाला माणूस नेमायचा आणि त्याचं नाव पेटीवर लिहायचं. चष्मा मुनीमजींना परत द्यायचा.

नगरपालिकेतल्या दोघांनी पुढच्या सर्वसाधारण सभेत ठराव मांडायचा : बसस्थानक, आठवडी बाजार, नाट्यगृह, मंगल कार्यालयं, यांत यंत्र; दर महिन्याला हिरवी खूण बघून सही करायची नोंदवही; आणि ठिकाणांची यादी 108 च्या जिल्हा कार्यालयाला आणि पोलीस ठाण्याला, म्हणजे फोन करणाऱ्याला जवळचं यंत्र कुठं आहे ते सांगता येईल. मसुदा वकीलसाहेबांनी लिहायचा, कलम 30 चा उल्लेख त्यात हवा. देखभाल कोण करणार, त्या जागी ‘संबंधित’ असं लिहाल तर कागद परत पाठवीन. पदाचं नाव लिहा. पॅड आणि बॅटरी बदलायचा खर्च कोणत्या शीर्षाखाली पडणार, तेही लिहा, आणि दंडाची रक्कम कोरी सोडू नका.